अल्लाहच्या घराचा हिशोब

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या जमातीच्या सदरसाहेबांनी घरी बोलावून एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत चार वह्या होत्या, लाल पुठ्ठ्याच्या, कडांना वाळवी लागलेल्या. १९८१ ते १९९३ या वर्षांचा जमातीचा जमाखर्च, सगळा उर्दूत. मशिदीची जागा वक्फची असली तरी जमातीचा ट्रस्ट वेगळा आहे आणि तो धर्मादाय कार्यालयात नोंदलेला आहे. त्या ट्रस्टच्या एका दुकानगाळ्याचा वाद सुरू आहे, त्यासाठी जुन्या वह्यांचे मराठी भाषांतर द्यायचे होते. "मास्तर, तुम्हाला दोन्ही येतं. दुसरा कोण आहे आपल्यात?" सदरसाहेब म्हणाले. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो, त्यामुळे निकाहनाम्यापासून सातबाऱ्यापर्यंत गावातले सगळे कागद माझ्याकडेच येतात. पण ही पिशवी घेताना जरा थांबलो. वह्या माझ्या वडिलांच्या हातच्या होत्या. त्या काळात अब्बा जमातीचे खजिनदार होते.

१९८७ च्या वहीत एक खाते आहे, 'दारुल मुताला बराये तालिबात'. म्हणजे मुलींसाठी वाचनालय. त्या रमजानमध्ये यासाठी वेगळा चंदा झाला होता. एक रुपया, पाच रुपये, कोणाचे एक्कावन्न. एके ठिकाणी नाव नाही, फक्त 'एक बेवा' आणि पुढे 'दोन बांगड्या, विक्रीचे २,१५०'. सगळी बेरीज १८,४०० रुपये. अकरा महिन्यांनंतर त्याच खात्यात अब्बांच्या सुबक अक्षरात एक ओळ येते : रक्कम मुन्तकिल, मिनार. खाली सही. खाते तिथेच संपते.

आमच्या गावात मुलींचे वाचनालय कधीच झाले नाही. मिनार मात्र आहे, एसटी स्टँडवरूनही दिसतो.

जमातीच्या बैठकीत मी ही ओळ वाचून दाखवली. कोणी चोरी केली असे मला म्हणायचे नव्हते. एक पैसाही कोणाच्या घरी गेला नव्हता, हे मलाही माहीत होते आणि ऐकणाऱ्यांनाही. तरी बैठक एकदम गप्प झाली. मग एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, अल्लाहच्या घरातच गेले ना पैसे? अल्लाहच्या घराचा हिशोब कोण मागतं?" त्यावर दोन-तीन माना हलल्या. मीही बसलो, कारण सही माझ्याच बापाची होती. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. अल्लाहच्या घराचा हिशोब आजवर कोणी मागितला, कोणाकडे मागितला आणि मागणाऱ्याचे काय झाले, हे शोधत सुट्टीचे उरलेले दिवस गेले.

पहिला हिशोब खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मागितला होता. इब्नुल लुतबिय्या यांची हकीकत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मशिदीतल्या बयानात ती क्वचितच ऐकू येते. अज्द कबिल्यातल्या या गृहस्थाला बनू सुलैम कबिल्याकडून जकात गोळा करायला पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले आणि सांगितले की हा तुमचा आणि हा लोकांनी मला भेट म्हणून दिला. प्रेषितांनी त्यांचा हिशोब घेतला. मग मिंबरवर चढून सर्वांसमोर विचारले की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्यापर्यंत चालत आली असती का? म्हणजे अमानतीच्या कामामुळे जे मिळाले तेही अमानतीतच मोडते. रमजानमध्ये पावतीपुस्तक घेऊन गावोगाव फिरणारे आणि जमलेल्या चंद्यातून टक्केवारी कापून घेणारे काही सफीर मी पाहिले आहेत. त्यांना पाहिले की ही हकीकत हटकून आठवते.

दुसरी गोष्ट हजरत उमर (रजि.) यांच्या वक्फची. खैबरमध्ये त्यांना चांगली जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. मूळ जमीन राखून ठेव आणि तिचे उत्पन्न दान कर, असा सल्ला मिळाला. त्याप्रमाणे ही जमीन विकायची नाही, कोणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. उत्पन्न कोणावर खर्च करायचे तेही ठरले : गरीब, नातलग, गुलामांची सुटका, अल्लाहची राह, पाहुणे, वाटसरू. व्यवस्था पाहणाऱ्याने त्यातून रीतसर खावे, पण माया जमवू नये. आणि ही व्यवस्था पाहायची होती त्यांच्या कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांनी. वक्फच्या इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या मुतवल्लींमध्ये एक स्त्री आहे. आमच्या बैठकीत बसायला अजून एकाही बाईला जागा मिळालेली नाही, हे जाता जाता नोंदवतो.

या वक्फमध्ये खर्चाची यादी आधीच बांधलेली आहे. दात्याने घातलेली अट पाळण्याच्या बाबतीत शरियतच्या हुकुमासारखी मानावी, असे पुढे फिकहच्या पंडितांनी सांगितले ते यातूनच. जकातीलाही कुराणाने आठ खाती ठरवून दिली आहेत. बहुसंख्य उलेमांच्या मते त्या पैशातून मशीद बांधता येत नाही, कारण जकात ज्याची त्याच्या हाती पडली पाहिजे. त्यावर आपण 'तमलीक'ची वाट काढली. जकात एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती लगेच 'खुशीने' मदरशाला परत द्यायची. काही उलेमा सक्त गरजेपुरती याला मुभा देतात. सक्त गरज दरवर्षी कशी येते, हे मला अजून उलगडलेले नाही.

हिशोब घ्यायचा कोणी, हेही जुन्या व्यवस्थेत ठरलेले होते. ते काम काझीचे. हनफी फिकह इथवर जाते की मुतवल्ली खियानत करणारा निघाला तर काझीने त्याला काढावे, मग वाकिफने 'याला कोणी काढू नये' अशी अट घातलेली असली तरीही. दात्याची बाकी अट पाळायची, ही नाही. मला हे फार अर्थपूर्ण वाटते.

इंग्रजी अमलात हा काझी नाहीसा झाला. १८६४ च्या कायद्याने सरकारने काझी नेमणे बंद केले. १८८० मध्ये पुन्हा काझी नेमायची सोय झाली, पण निकाहसारख्या विधींपुरती. या नेमणुकीने न्यायनिवाड्याचा किंवा कारभाराचा कोणताही अधिकार मिळत नाही, असे त्याच कायद्यात लिहून ठेवले. मुतवल्ली राहिला आणि त्याला विचारणारा गेला. हिशोब हवा असेल तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे एवढेच उरले.

ती पायरी मुंबईत आधीच चढली गेली होती. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात खोजा जमातीचा खटला चालला. सुधारणावादी खोजांचे म्हणणे होते की जमातीच्या मिळकतीचा हिशोब घेतला जावा, मुखी आणि कामडिया (म्हणजे खजिनदार आणि हिशोबनीस) यांची रीतसर निवड व्हावी आणि पहिले आगाखान यांनी या मिळकतीत हात घालू नये. पण मिळकत कोणाची हे ठरवायचे तर खोजा कोण हे आधी ठरवावे लागणार. सुन्नी की शिया? मग न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे पीर सदरुद्दीन आले, जुन्या प्रार्थना आल्या, इस्माइली इमामांचा शेकडो वर्षांचा इतिहास आला. नोव्हेंबर १८६६ मध्ये निकाल आगाखानांच्या बाजूने लागला. भारतातल्या इस्माइली समाजाच्या इतिहासात या निकालाचे महत्त्व मोठे आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला दिसते ते एवढेच की खटल्यात शिरताना 'पैसे कुठे गेले' हाही एक प्रश्न होता. बाहेर पडताना 'आपण कोण' हा एकच राहिला. आपल्याकडे हिशोबाची चर्चा अशीच दुसऱ्या रस्त्याला लागते. पावती मागणाऱ्याला आधी स्वतःचा अकीदा सिद्ध करावा लागतो.

पन्नास वर्षांनी त्याच न्यायालयात हिशोबाचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत टिकला. तो खटला चांदाभाईंच्या गल्ल्याचा.

मुंबईत सेठ चांदाभाई यांची कबर आहे. दाऊदी बोहरा समाजात तिला मोठा मान. कबरीजवळ एक गल्ला, म्हणजे दानपेटी. नवस फेडायला, मन्नत मागायला आलेले लोक त्यात पैसे टाकत. तांब्याच्या पैशापासून सुरुवात होऊन रक्कम वाढत गेली आणि तिच्यातून मिळकती उभ्या राहिल्या. या पैशांचे स्वरूप काय? ते समाजाचे की धर्मगुरूंचे? १९१७ साली अॅडव्होकेट जनरलच्या नावाने दावा दाखल झाला. त्यामागे सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र होते. माथेरानची छोटी गाडी ज्या घराण्याने आणली, तेच हे घराणे. समोर होते समाजाचे एक्कावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन.

अॅडव्होकेट जनरलचे नाव का लागले, हे सांगायला हवे, कारण कायद्याची मेख तिथेच आहे. सार्वजनिक दानाचा पैसा एकदा दिला की तो दात्याचा राहत नाही. मी शंभर रुपये टाकले आणि ते वाया गेले तर माझे शंभर परत द्या, असा दावा मला करता येत नाही. नुकसान झाले ते ज्यांच्यासाठी दान होते त्या सगळ्यांचे, म्हणजे जनतेचे. म्हणून दावा जनतेच्या वतीने सरकारच्या कायदा अधिकाऱ्याने करायचा किंवा त्याच्या लेखी संमतीने त्या संस्थेत हितसंबंध असलेल्या निदान दोघांनी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या कलम ९२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत असे होते. एकट्याला मुभा नाही, कारण एकट्याचे वैर असू शकते. (दोघांचेही असू शकते, पण कायद्याने कुठेतरी थांबायला हवे.)

गल्ल्याच्या खटल्यात बचाव असा होता की दाई हे परदानशीन इमामांचे प्रतिनिधी, त्यांना हिशोब विचारणारा पृथ्वीवर कोणी नाही आणि गल्ल्यात टाकलेला पैसा त्यांच्या अखत्यारीतला. साक्षी, जुने ग्रंथ, अरबी वचने यांचे ढीग पडले. न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ मध्ये निकाल दिला. त्यांनी धर्मगुरूंचे स्थान किंवा मान काढून घेतला नाही. पण मशीद, कबर, गल्ला आणि त्यातून घेतलेल्या मिळकती या सार्वजनिक धर्मादाय आहेत, दाई त्यांचे विश्वस्त आहेत आणि विश्वस्ताला हिशोब द्यावा लागतो, असे ठरवले. श्रद्धा किती उंच आहे यावर पैशाचे स्वरूप बदलत नाही, असा या निकालाचा अर्थ मी घेतो. आमच्या बुजुर्गांच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला कुठे सापडले नाही. कबर कितीही पवित्र असली तरी पेटी ती पेटीच.

त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये एका हिंदू मठाच्या खटल्यात सय्यद अमीर अली यांनी निकाल लिहिला. मठाचा महंत, देवळाचा शेबाइत आणि वक्फचा मुतवल्ली यांना त्यांनी एकत्र तपासले आणि सांगितले की इंग्रजी कायद्याच्या काटेकोर अर्थाने यांतला कोणीच 'ट्रस्टी' नाही. ट्रस्टीच्या नावावर मिळकत चढते. वक्फची मिळकत अल्लाहची असते आणि मुतवल्ली फक्त व्यवस्थापक. वकिलांनी यातून मुदतीच्या कायद्यातल्या बऱ्याच पळवाटा काढल्या. पण साध्या नजरेने पाहिले तर मुतवल्लीची जागा यात आणखी खाली जाते. ट्रस्टीच्या नावावर निदान कागद तरी असतो, मुतवल्लीच्या नावावर तेवढेही नाही. त्याच्याकडे फक्त किल्ली.

यानंतर दोनच वर्षांत, १९२३ मध्ये, मुसलमान वक्फ कायदा आला. आपल्या वर्तुळात बोलताना अनेकदा असे गृहीत धरले जाते की वक्फचा हिशोब हे बाहेरून लादलेले प्रकरण आहे. त्या काळाचे कागद वेगळे सांगतात. वक्फची नोंदणी व्हावी आणि हिशोब तपासला जावा, ही मागणी मुस्लिमांची होती आणि विधिमंडळातल्या मुस्लिम सदस्यांनी ती पुढे नेली. दहा वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, जिनांच्या पुढाकाराने वक्फ वैधता कायदा झाला होता. कुटुंबासाठी केलेले वक्फ प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये रद्दबातल ठरवले होते, ते त्याने पुन्हा कायदेशीर केले. एकीकडे वक्फ वाचवायचा आणि दुसरीकडे मुतवल्लीला वहीत उभे करायचे, अशी ही दोन पावले.

१९२३ चा कायदा वाचायला अगदी छोटा आहे. मुतवल्लीने सहा महिन्यांच्या आत जिल्हा न्यायालयात विवरण द्यायचे : मिळकत कोणती, वार्षिक उत्पन्न किती, मागच्या पाच वर्षांत काय आले, सारा किती, पगार किती, धर्मकार्यावर किती आणि दानधर्मावर किती. शिवाय दरवर्षी ३१ मार्चनंतर तीन महिन्यांत जमाखर्च. उत्पन्न दोन हजार रुपयांच्या वर असेल तर हिशोब कंपन्यांचे हिशोब तपासणाऱ्या प्रमाणित लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा. हे केले नाही तर पाचशे रुपयांपर्यंत दंड, पुन्हा चुकले तर दोन हजारांपर्यंत. त्या काळचे दोन हजार म्हणजे थट्टा नव्हे.

तरीही तो लंगडाच ठरला. न्यायालयाने कागद घ्यायचा आणि ठेवायचा, यापुढे फारसे काही त्यात नव्हते. 'ही मिळकत वक्फच नाही, माझ्या आजोबांची आहे' असे मुतवल्लीने म्हटले की या कायद्याखाली त्याची चौकशी करता येते की नाही, यावरच उच्च न्यायालयांत मतभेद झाले. कौटुंबिक वक्फ तर व्याख्येतूनच बाहेर ठेवलेले. मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये आपली दुरुस्ती करून त्याला थोडे दात बसवले. त्याच वर्षी इथे हिंदू सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी पारशी धर्मादाय संस्थांचा. प्रत्येक समाजाची वही वेगळी.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने न्यायमूर्ती तेंडोलकर यांची समिती नेमली आणि १९५० मध्ये सगळ्या वह्या एका छताखाली आल्या. तोच बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स अॅक्ट, आजचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. देऊळ, मठ, वक्फ, चर्च, शाळा, दवाखाना, सगळे एका धर्मादाय आयुक्ताखाली. १८६४ मध्ये गेलेला काझी ८६ वर्षांनी परत आला, फक्त या वेळी सगळ्यांचा मिळून एक. गंमत म्हणून लिहितोय, पण काम पाहिले तर फरक थोडाच आहे.

या कायद्यातली एक व्याख्या मी बैठकीत वाचून दाखवायला हवी होती. हिशोबाबद्दल कोणाला विचारता येते? 'हितसंबंध असलेल्या व्यक्ती'ला. आणि वक्फच्या बाबतीत अशी व्यक्ती म्हणजे वक्फमधून लाभ मिळणारा तर खराच, पण मशिदीत, ईदगाहमध्ये, दर्ग्यात इबादतीचा हक्क असलेला कोणीही. सभासद असण्याची अट नाही. चंदा दिलेला असण्याचीही नाही. जुम्म्याला शेवटच्या सफेत उभा राहणारा हमाल आणि गावातला सर्वांत मोठा व्यापारी इथे एका रांगेत येतात. वाचनालयासारख्या कामात हाच हक्क लाभार्थ्याचा. म्हणजे त्या १८,४०० रुपयांबद्दल विचारण्याचा पहिला हक्क १९८७ साली शाळेत जाणाऱ्या आमच्या गावच्या मुलींचा होता. त्यांत माझी आपा होती, तेव्हा सातवीत. दहावीनंतर तिची शाळा सुटली. वाचनालय झाले असते तर ती शिकली असती, असा दावा मी करत नाही.

१९५० च्या कायद्याला आव्हान मिळाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आव्हान देणाऱ्यांत एका जैन देरासराचे व्यवस्थापक होते आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या निधीचे विश्वस्त होते. आपल्यापैकी ज्यांना वाटते की हिशोबाचा जाच फक्त आपल्यालाच होतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे. १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बिजन कुमार मुखर्जी यांनी निकाल दिला. नोंदणी, जमाखर्च, लेखापरीक्षण, सरकारी तपासणी हे सगळे घटनेला धरून आहे, धर्मस्वातंत्र्यावर त्याने गदा येत नाही. कायद्याचा खर्च भागवायला ट्रस्टांकडून घेतलेली वर्गणी ही फी आहे, कर नव्हे. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त करून टाकता येईल, अशी जी तरतूद होती, ती रद्द झाली. आणि आणखी एक.

कायद्यात अशी सोय होती की ट्रस्टकडे पैसा शिल्लक असेल किंवा मूळ कारणासाठी वापरणे सोयीचे वा जनहिताचे वाटत नसेल, तर न्यायालयाने तो दुसऱ्या कामाकडे वळवावा. सर्वोच्च न्यायालयाने तिला कात्री लावली. एखाद्या धार्मिक कार्यासाठी दिलेला पैसा, ते कार्य अशक्य झालेले नसताना, राज्याने किंवा न्यायालयाने दुसरीकडे वळवणे म्हणजे धर्मस्वातंत्र्यात ढवळाढवळ. दात्याचा हेतू सरकारलाही बदलता येत नाही. कारण कितीही चांगले असले तरी.

वाकिफची अट पाळण्याबद्दल फिकहने जे सांगितले, त्याच्या अगदी जवळ हा निकाल येतो. पाच न्यायमूर्तींचे खंडपीठ जे करू देत नाही, ते आमच्या बैठकीत मगरीब आणि इशाच्या मधल्या वेळात होऊन गेले. कोणाच्या मनात वाईट काही नव्हते. शेजारच्या गावात उंच मिनार झाला होता, एवढेच.

पुढचा इतिहास थोडक्यात. मराठवाड्यात निजामी वारशामुळे १९५४ चा केंद्रीय वक्फ कायदा चालू होता, इकडे आपण धर्मादाय आयुक्तांकडे. १९९५ चा वक्फ कायदा आल्यावर दोन्ही प्रदेश एका मंडळाखाली यायला हवे होते. महाराष्ट्र वक्फ मंडळ जानेवारी २००२ मध्ये स्थापन झाले, त्याची वैधता न्यायालयात अडकली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्य केली. मधल्या वीस वर्षांत कित्येक संस्थांना हिशोब कुठे द्यावा हेच कळत नव्हते. अनेकांनी सोय पाहून कुठेच दिला नाही. आयुक्तांच्या कार्यालयात विचारले की 'आम्ही वक्फ', मंडळाने विचारले की 'आम्ही ट्रस्ट'.

२०२५ च्या दुरुस्ती कायद्यावरून जे वादळ उठले ते अजून शमलेले नाही. मंडळावर कोण असावे, वापराने झालेल्या वक्फचे काय, जिल्हाधिकाऱ्याला किती अधिकार, हे प्रश्न खरे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली, त्यावरून त्यांचे गांभीर्य कळते. त्या कायद्याबद्दल माझ्याही तक्रारी आहेत. पण या सगळ्या महिन्यांत आमच्या गावात झालेल्या चर्चांत 'आपली जमीन' हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला आणि 'आपली वही' एकदाही नाही. १८६६ सारखेच, आपण कोण या प्रश्नाने पैसे कुठे गेले हा प्रश्न गिळला.

भाषांतर मी जूनमध्ये पूर्ण केले. सगळ्यात जास्त वेळ त्या एका शब्दाने घेतला. 'मुन्तकिल'. मराठीत काय लिहावे? 'वळवले' लिहिले तर आरोप होतो, 'दिले' लिहिले तर खोटे होते. शेवटी 'वर्ग' लिहिले, बँकेत लिहितात तसे. अब्बांनी कदाचित तेच मनात धरले असेल. ते जाऊन नऊ वर्षे झाली. आयुष्यभर दुकानाच्या उधारीचा पैन् पै हिशोब ठेवणाऱ्या माणसाने ही ओळ लिहिताना काही विचार केला असेल का, बैठकीत हात वर केला असेल का, हे वहीतून कळत नाही. वहीत ठराव नाही, तारीख आहे.

आमच्या ट्रस्टचे हिशोब तपासणारे सीए शहरात बसतात, तरुण आहेत, जैन. भाषांतर त्यांच्याकडे नेले. त्यांनी पाने चाळली आणि नेमके त्याच ओळीवर पेन ठेवले. "सर, ही रक्कम खर्ची पडली की मिनारच्या खात्याने वाचनालयाच्या खात्याकडून उसनी घेतली?" मी म्हणालो, फरक काय पडतो, चाळीस वर्षे होत आली. ते म्हणाले, "ताळेबंदात विशिष्ट कारणासाठीच्या निधीचा रकाना वेगळा असतो. 'वर्ग' म्हटलंय, 'खर्च' नाही म्हटलं. उसनी असेल तर ती अजून देणं आहे. तुमच्या कमिटीला विचारा, काय लिहू?"

मी सदरसाहेबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या बैठकीत ठेवू. मी विचारले, या वेळी आपाला आणि तिच्या वयाच्या दोघीतिघींना बोलावले तर चालेल का? बैठक अजून लागलेली नाही. वह्या माझ्याच कपाटात आहेत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या आहेत.